बीचवरची फॅमिली सुट्टी आणि त्यात केव्ह डायव्हिंग: कुठल्या क्रमाने काय बसवायचं

केव्ह डायव्हिंग म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहेत डायव्ह करणं, आणि सुट्टीत ते बसवताना बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. आधी तिकिटं, मग हॉटेल, मग तिथे पोचल्यावर पोरं पूलमध्ये रमलेली बघून "उद्या सकाळी एक गुहा करून येते गं" असं म्हणायचं. मग गाईड मिळत नाही, मिळाला तर भलत्याच दिवशी मिळतो, तो दिवस नेमका परतीच्या विमानाच्या आदला, आणि हॉटेलात जोडीदार दोन पोरांना सांभाळत तोंड फुगवून बसलेला. तोंड फुगवणं एक वेळ परवडतं, संध्याकाळपर्यंत उतरतं. खरी भीती वेगळी आहे. पाण्याखाली असताना डोक्यात "एक वाजता येते म्हणालेय" हे सुरू झालं की माणूस चेक गाळतो, रील (परतीची वाट दाखवणाऱ्या दोरीचं रीळ) नीट बांधत नाही, आणि गुहेत डोक्यावर दगड असतो, वाटलं म्हणून वर येता येत नाही.

म्हणून खालचं सगळं प्लॅनिंग एकाच गोष्टीसाठी आहे: कुठलाही डायव्ह अगदी पार्किंगमध्ये उभं राहून कॅन्सल केला तरी कुणाचं काही बिघडू नये. कॅन्सल करणं महाग पडत असेल तर तुम्ही तो करणार नाही, हे स्वतःबद्दल आधीच मान्य करा.

१. आधी ठरवा: कॅव्हर्न की केव्ह?

हे दोन शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कॅव्हर्न म्हणजे गुहेचा तोंडाकडचा भाग, जिथून दिवसाचा उजेड सतत दिसतो. किती आत जायचं याची मर्यादा संस्थेप्रमाणे बदलते, कुठे पृष्ठभागापासून एकूण ४० मीटर, कुठे ६० मीटर, आणि यात खोलीही धरायची असते हे बरेच जण विसरतात. उजेड दिसेनासा झाला की ती केव्ह, तिथे वेगळं ट्रेनिंग लागतं.

आता तुम्ही कुठे बसता ते बघा.

डायव्हिंगचं कार्डच नसेल तर दोन्ही नाही. स्नॉर्केल करा, तेही सुंदर असतं.

ओपन वॉटर कार्ड, म्हणजे मोकळ्या पाण्यातल्या डायव्हिंगचं पहिलं कार्ड असेल, तरंगण्यावर ताबा असेल, म्हणजे तळाची माती न उडवता एका जागी थांबता येत असेल, तर गाईडसोबत कॅव्हर्न डायव्ह करता येतो. मेक्सिकोतल्या सेनोतेंमध्ये, म्हणजे छत कोसळून उघड्या झालेल्या पाण्याच्या गुहांमध्ये, हा नेहमीचा प्रकार आहे. गाईड स्वतः फुल केव्ह सर्टिफाइड (उजेडापलीकडच्या गुहेचं पूर्ण ट्रेनिंग झालेला) हवा आणि एका गाईडमागे जास्तीत जास्त ४ जण. बुक करतानाच दोन्ही विचारा, नुसतं "अनुभवी आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका.

फुल केव्ह कार्ड असेल तर खऱ्या केव्ह डायव्हचा विचार करा, पण शेवटचा केव्ह डायव्ह कधी केला होता हे लॉगबुक उघडून बघा, आठवणीवर जाऊ नका. मला "मागच्याच वर्षी" वाटत होतं, वहीत बघितलं तर अडीच वर्षं झाली होती.

आणि "सुट्टीतच केव्ह कोर्स उरकून घेऊ" हा विचार असेल तर सरळ सोडून द्या. शून्यापासून फुल केव्हपर्यंत आठवडाभर तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जातो, रात्री थिअरी, आणि रोज इन्स्ट्रक्टर तुमच्या चुका मोजतोय. त्यानंतर पोरांसोबत वाळूचा किल्ला बांधायची ताकद उरत नाही. कोर्ससाठी एकटीने जा.

सावधान: तुम्ही ओपन वॉटरचे इन्स्ट्रक्टर असाल तरी गुहेसाठी तुम्ही नवीनच. ट्रेनिंगशिवाय गुहेत जाऊन मेलेल्यांत असे इन्स्ट्रक्टरही आहेत. सेनोतेत आतल्या वाटेवर काळाच्या सांगाड्याचं चित्र असलेली "इथून पुढे जाऊ नका" अशी पाटी असते, ती सगळ्यांसाठीच असते.

२. जागा निवडताना गुहा नाही, अंतर बघा

डायव्हर माणूस गुहांचे फोटो बघून जागा ठरवतो. तुम्ही नकाशा उघडा आणि हॉटेलपासून पाण्यापर्यंत गाडीने किती वेळ लागतो ते मोजा. एका बाजूला तासापेक्षा जास्त लागत असेल तर तो अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम राहत नाही, अख्खा दिवस जातो.

या हिशोबात तुलुम आणि प्लाया देल कारमेनमधली मेक्सिकोची किनारपट्टी जवळपास सगळ्यांना मागे टाकते, कारण समुद्र आणि गुहा एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. वर तिथल्या बऱ्याच गुहा उथळ आहेत, १० ते १५ मीटरच्या आसपास बरंच काही बघून होतं. दोस ओहोसला तुम्ही कॅव्हर्न डायव्ह करताय आणि घरचे त्याच आवारात स्नॉर्केल करतायत असं जमतं. कासा सेनोते तर वरून उघडा, नदीच्या पट्ट्यासारखा, समुद्राला लागून, पोरांना लाइफ जॅकेट घालून सोडायला झकास.

फ्लोरिडाचं उलटं आहे. गुहा जबरदस्त, पण जिन्नी स्प्रिंग्ससारखे झरे आतल्या भागात आहेत, बीचपासून लांब. बीचवर हॉटेल घेऊन रोज झऱ्यावर ये-जा करायची म्हणजे दोन्हीकडून गेलो. तिथे जायचंच तर सुट्टीचे सरळ दोन तुकडे करा, चार दिवस झऱ्याजवळ, चार दिवस समुद्रावर. झऱ्याच्या नदीत ट्यूब टाकून वाहत जाणं पोरांना आवडतंच.

समुद्रातल्या गुहा हा तिसरा प्रकार. माल्टाजवळच्या गोझो बेटावर इनलँड सी नावाच्या तळ्यातून समुद्रात निघणारा बोगदा आहे, असल्या ठिकाणी लाटांचा जोर आत शिरतो आणि माणूस पुढेमागे ढकलला जातो. इथे हवामान बिघडलं की डायव्ह रद्द, त्यामुळे दोन तरी पर्यायी दिवस ठेवा.

सीझनही आत्ताच बघा. कॅरिबियन बाजूला जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ, आणि उन्हाळ्याकडे किनाऱ्यावर सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ येऊन साचतं. गुहेतल्या पाण्याला त्याचा काही फरक पडत नाही, पण तुम्ही काचेसारख्या पाण्यात आणि घरचे कुजक्या वासाच्या बीचवर, हे फार दिवस चालत नाही.

३. दिवस परतीच्या विमानापासून उलटे मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. डायव्हिंगनंतर अंगात नायट्रोजन उरलेला असतो आणि विमानात केबिनचा दाब कमी असतो, त्यामुळे त्याचे अंगात बुडबुडे होऊन डीकॉम्प्रेशन आजार होऊ शकतो. डायव्हर्सच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा: डीकॉम्प्रेशन, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे, न लागणारा एकच डायव्ह केला असेल तर किमान १२ तास, रोज किंवा दिवसात अनेक डायव्ह केले असतील तर किमान १८ तास, आणि डीकॉम्प्रेशनचे थांबे घ्यावे लागले असतील तर १८ पेक्षा बरेच जास्त. हे किमान आकडे आहेत. मी फॅमिलीसोबत असताना अख्खा एक दिवस मधे सोडते, म्हणजे गणितच करायला लागत नाही.

८ दिवसांची सुट्टी मी अशी मांडते:

पहिला दिवस प्रवास. दुसरा दिवस काहीच नाही, झोप, पूल, आजूबाजूला काय आहे ते बघणं, आणि दुपारी एकटीने डायव्ह सेंटरला जाऊन टँक आणि गाईड पक्के करणं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक सोपा डायव्ह. चौथा पूर्ण घरचा. पाचव्या दिवशी मोठा कार्यक्रम, दोन डायव्ह. सहाव्या दिवशी सगळे मिळून सेनोते, त्यात एखादा कॅव्हर्न डायव्ह झाला तर झाला. सातवा कोरडा. आठव्याला विमान.

म्हणजे आठातले अडीच दिवस डायव्हिंगला. यापेक्षा जास्त हवे असतील तर ती डायव्ह ट्रिप झाली, तिला फॅमिली सुट्टी म्हणू नका, घरचे म्हणणार नाहीतच.

चेक: कोरड्या दिवशी उंचावर जायचा कार्यक्रम ठेवलाय का? डोंगरातली केबल कार, घाटातली सहल, हेलिकॉप्टर, हे सगळं विमानासारखंच धरा. आणि डायव्ह करून आल्यावर दुपारी पोरांसोबत श्वास रोखून खोल बुड्या मारायच्या नाहीत, पाण्यावर तरंगत स्नॉर्केल चालेल.

४. घरच्यांशी खरे आकडे बोला

"दोन डायव्ह, तासा-तासाचे, दुपारपर्यंत आलेच." खोटं. सकाळी ७ ला निघायचं, टँक भरून घ्यायचे, सामान उतरवायचं, प्लॅन बोलायचा, पहिला डायव्ह, वर आल्यावर तासभर विश्रांती, दुसरा, मग सगळं धुवून परत. तीन वाजतात. तर तीन सांगा. अडीचला पोचलात तर सगळे खूश, आणि तुम्हालाही पाण्याखाली घड्याळ टोचत नाही.

जोडीदाराला तेवढेच तास मोकळे द्या, आणि ते आधी ठरवा, "नंतर बघू" नको. आमच्याकडे चौथ्या दिवशी नवरा सकाळी ७ ते ३ गायब असतो, काय करतो मी विचारत नाही.

आणि एक कागद लिहून हॉटेलच्या खोलीत ठेवा. फोनवर नाही, कागद. त्यावर: जागेचं नाव आणि कुठल्या तोंडातून उतरणार, सोबत कोण, गाडीचा नंबर, डायव्ह सेंटरचा फोन, तिथला इमर्जन्सी नंबर, विम्याचा पॉलिसी नंबर, आणि दोन वेळा. पहिली वेळ "मी फोन करणार". दुसरी वेळ "आता काळजी करायची". समजा १२:३० ला बाहेर यायचा प्लॅन आहे, तर फोन १:३० ला आणि काळजी ३ ला. मधला वेळ मुद्दाम ठेवायचा, कारण जंगलातल्या बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

सावधान: काळजीची वेळ झाली तर जोडीदाराने पोरांना गाडीत घालून तिकडे धावायचं नाही. आधी डायव्ह सेंटर, मग इमर्जन्सी नंबर. गुहेत शोधायला जाणं ट्रेनिंग असलेल्या केव्ह डायव्हर्सचंच काम आहे, किनाऱ्यावरच्या ओळखीच्या डायव्हरला कितीही कळकळ असली तरी आत पाठवायचं नाही. हे शांतपणे, निघायच्या आधी, एकदा बोलून घ्या.

विमा इथेच तपासा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत डायव्हिंग असलं तरी डोक्यावर छत असलेलं डायव्हिंग वगळलेलं असू शकतं, किंवा खोलीची मर्यादा असते. ते कलम स्वतः वाचा, एजंटचं "सगळं कव्हर आहे मॅडम" पुरत नाही.

५. सामान: कमी न्या, पण चुकीचं कमी नको

टँक, वजनं, कधीकधी विंगसुद्धा (तरंगण्यासाठी पाठीवर असते ती हवेची पिशवी) तिथे भाड्याने घ्या. फॅमिलीसोबत असताना चौथी बॅग म्हणजे एअरपोर्टवर भांडण. पण मास्क, डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा), रेग्युलेटर (ज्यातून टँकमधला श्वास घेतो तो) आणि लाइट स्वतःचे न्या. लाइट ३ लागतात, एक मुख्य आणि दोन बॅकअप, आणि बॅकअप म्हणजे कपाटात सापडलेला जुना टॉर्च नाही, अख्खा डायव्ह पुरेल असा हवा.

लाइटच्या लिथियम बॅटरीचं गणित घरी करा: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर बरोबर वॉट-अवर. ११.१ व्होल्ट आणि ७ अँपिअर-अवर म्हणजे ७७.७. १०० पर्यंत सहसा अडचण नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची आधी परवानगी, १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत, टोकांना टेप लावून, चेक-इनमध्ये नाही. लाइटमधली बॅटरी निघत असेल तर काढूनच पॅक करा, नाहीतर बॅगेत आपोआप चालू होतो आणि प्रचंड तापतो.

सूट जाड घ्या. बीचचं पाणी कोमट म्हणून लोक ३ मिलिमीटरचा घेऊन येतात, सेनोतेचं पाणी साधारण २४-२५ डिग्री असतं, एक तास हळूहळू पोहल्यावर दात वाजतात. ५ किंवा ७ बरा.

आणि सगळं घरी एकदा जोडून बघा. सुट्टीत फाटलेल्या ओ-रिंगच्या (सांधा बंद करणाऱ्या रबरी कडीच्या) जागी नवा शोधायला अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवस घरच्यांच्या वाट्याचा असतो.

६. पहिला डायव्ह सोपा ठेवा, हट्टाने

फुल केव्हवाल्यांना हा मुद्दा पटत नाही, पण जागा बदलली की पद्धत बदलते. फ्लोरिडात बऱ्याच गुहांमधून पाणी जोरात बाहेर येत असतं, तिथे खडकाला धरून स्वतःला पुढे ओढत जातात, आणि परत येताना प्रवाहच मदत करतो. तीच सवय घेऊन मेक्सिकोत आलात तर हात लावाल तिथे हजारो वर्षांचा लवणस्तंभ तुटेल, प्रवाह जवळपास नाही, माती उडाली की तिथेच लटकत राहते, आणि बाहेर यायला तुमचे पायच. लाइन, म्हणजे गुहेत वाट दाखवणारी दोरी, तीही वेगळी असते: मुख्य लाइन बऱ्याचदा तोंडापासून आत, सहज दिसणार नाही अशी सुरू होते, तिथपर्यंत स्वतःची रील बांधत जायचं. जंक्शनवर, म्हणजे लाइनला फाटा फुटतो तिथे, परतीची दिशा दाखवणारा मार्कर लावायची तिथली रीत गाईडकडून जमिनीवर उभं राहून समजून घ्या.

हॅलोक्लाइन म्हणजे वरचं गोडं आणि खालचं खारं पाणी जिथे मिळतं तो थर. पुढच्याच्या फिनने तो ढवळला की मागच्याला तेल ओतल्यासारखं धूसर दिसतं. घाबरायचं नाही, लाइनला हाताने हलकी गोल पकड करायची, किंचित वर, खाली किंवा बाजूला सरकायचं, परत स्वच्छ दिसतं.

म्हणून तिसऱ्या दिवशीचा तो एक डायव्ह गाईडसोबत, उथळ, एका लाइनवर, कुठेही फाटा न घेता. लाइट बंद करून लाइन धरून बाहेर येण्याची आणि गॅस (टँकमधली श्वासाची हवा) शेअर करण्याची प्रॅक्टिस तिथेच उजेडाजवळ करून घ्या. फोटो पाचव्या दिवशी काढा.

चेक: या डायव्हमध्ये दोनदा माती उडवली, किंवा मास्क काढल्यावर श्वास फुलला, तर पाचव्या दिवशी केव्ह नाही, कॅव्हर्न. निर्णय गाडीत बसायच्या आधी घ्या, रात्री हॉटेलात सगळंच शक्य वाटतं.

७. डायव्हच्या सकाळी

अ) नाक. पोरांना विमानात सर्दी होते आणि तिसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे येते, हे ठरलेलं. बंद नाकाने उतरायचं नाही आणि नाक मोकळं करायची गोळी घेऊनही उतरायचं नाही. गोळीचा असर मधेच उतरला तर वर येताना सायनसमधली हवा अडकते. मोकळ्या समुद्रात तुम्ही थोडं खाली जाऊन हळूहळू परत वर येता, गुहेत छत कुठे वर-खाली होईल ते तुमच्या हातात नसतं. हा एकच मुद्दा माझे सगळ्यात जास्त डायव्ह रद्द करतो. कानाचंही तसंच, आदला अख्खा दिवस पूलमध्ये काढला असेल तर कान कोरडे करून झोपा, बाहेरच्या कानाला इन्फेक्शन झालं की आठवडा गेला.

ब) आदली संध्याकाळ. बीचवर ऊन, कमी पाणी, त्यावर ड्रिंक्स. मी डायव्हच्या आदल्या दिवशी पीतच नाही, भाजलेल्या खांद्यांवर वेटसूट आणि हार्नेस चढवून बघा म्हणजे उन्हात अंग का झाकायचं तेही कळेल.

क) सनस्क्रीन. सेनोतेत ते लावून उतरू देत नाहीत, आधी शॉवर घ्यायचा. पोरांनाही लागू. लांब बाह्यांचे स्विम टॉप घ्या, वाद मिटतो.

ड) गॅस. भरलेला टँक स्वतः मोजा. नियम एक तृतीयांशाचा, गॅसचे तीन सारखे भाग: एक भाग जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. दोन्ही टँक २०० बारचे (बार हे दाबाचं माप) असतील तर एक तृतीयांश ६६, खाली उतरवून ६० धरा, म्हणजे १४० ला वळायचं. टीममध्ये ज्याचा आकडा आधी येईल त्याच्यासोबत सगळे वळतात. पहिल्या दिवशी मी जायला एक षष्ठांशच वापरते, ३० बार, १७० ला परत. आणि एक तृतीयांश ही वरची मर्यादा आहे, तेवढा संपवायलाच पाहिजे असं काही नाही.

इ) कॉम्प्युटर, लाइट, रेग्युलेटर, रील, लाइन कापायचा कटर, गॅस तपासणी पाण्यात उतरून एकमेकांना मोठ्याने बोलून करा. पोरं काठावरून "आई इकडे बघ" करत असतील तर आधी त्यांना टाटा करून संपवा, मग चेक पहिल्यापासून. मधून पुढे सुरू करायचं नाही. त्यासाठी घरचे त्याच ठिकाणी असले तरी तुम्ही उतरायच्या अर्धा तास आधी त्यांना स्नॉर्केलच्या बाजूला पाठवलेलं बरं.

सावधान: टीममधला कुणीही, कुठल्याही क्षणी, कारण न देता डायव्ह थांबवू शकतो, हा केव्ह डायव्हिंगचा जुना नियम. सुट्टीत तो हक्क घरच्यांनाही द्या. सकाळी जोडीदार म्हणाला "आज नको", तर आज नाही, आणि त्यावर दिवसभर टोमणे मारायचे नाहीत.

८. बाहेर आल्यावर

पहिला मेसेज घरी, सामान नंतर. रेंज नसेल तर रस्त्यावर रेंज लागेल तिथे गाडी थांबवून. एकदा मी हे विसरून निवांत टँक परत करत बसले होते आणि नवऱ्याच्या कागदावरची काळजीची वेळ ११ मिनिटांवर आली होती. त्याने काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं.

त्या दुपारी जड काम नाही. पोराला खांद्यावर घेऊन वाळूत पळणं हे जड कामच आहे. पाणी प्या, सावलीत बसा, तुम्ही गोष्ट सांगा आणि पळायचं काम त्यांना करू द्या.

रात्रीपर्यंत स्वतःकडे लक्ष ठेवा आणि जोडीदारालाही लक्षणं सांगून ठेवा, कारण बीचवर डीकॉम्प्रेशन आजार लपायला जागा भरपूर असते. खांदा दुखतोय, बॅगा उचलल्या म्हणून असेल. अंगावर लाल चट्टे, ऊन लागलं असेल. खूप थकवा, पोरांनी दमवलं असेल. मुंग्या येतायत, वाकडी झोपले असेन. यातलं काहीही डायव्हनंतर नव्याने सुरू झालं तर "असेल" म्हणून झोपायचं नाही, डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या इमर्जन्सी लाइनला किंवा डायव्ह सेंटरला लगेच फोन करायचा, ऑक्सिजन मिळत असेल तर सुरू करायचा, आणि जवळचं रीकॉम्प्रेशन चेंबर (या आजारावर दाबाखाली उपचार करतात ती खोली) कुठे आहे ते दुसऱ्या दिवशी डायव्ह सेंटरला गेलात तेव्हाच विचारून त्या कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे.